शेवंती परत यायला हवी होती

ताई, भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. मी अगदी रंगात यावं, पदर खोचून पुढचा मुद्दा काढावा, की तू म्हणणार, "थांब वं, दूध उतू जाई," आणि चालती होणार. ते दूध कधी उतू गेलेलं मी पाहिलं नाही. या वेळी मात्र तू हद्द केलीस. वैशाखात सुरू झालेलं आपलं भांडण मार्गशीर्ष लागला तरी मिटलं नव्हतं, आणि तू उठलीस ती गेलीसच. आता दोन्ही बाजूंनी मी एकटीनं किती भांडायचं?

परवा तुझं दिवसकार्य झालं, गंधमुक्ती झाली. पाव्हणे गेले, मांडव उतरला, मोठी पातेली ज्याची त्याला परत गेली. घरात आता तुझी मयुरी आहे, तिचे आबा आहेत, आमचे हे आहेत आणि माझा मुलगा. सगळे हळू बोलतात. मला हळू बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार, म्हणून मी बोलतच नाही. आणि बोलले नाही की माझं डोकं दुखतं. तेव्हा तुझ्याशीच बोलते. तुला नाहीतरी सवय आहे.

दोन जावा एवढे महिने कशावरून भांडत होत्या, असं बाहेरच्या कुणी विचारलं तर सांगायची लाज वाटेल. शेताच्या वाटणीवरून नाही, सासूच्या पाटल्यांवरून नाही. एका पुस्तकातली पोरगी शेवटी घरी परत यायला हवी होती की नको, यावरून. तू म्हणायचीस नको. मी म्हणायचे यायलाच हवी होती. लोक हसतील. हसू देत.

मी ब्राह्मणपुरीहून कोरीटला या घरात आले तेव्हा बी.ए. झालेली सून म्हणून माझा फार तोरा होता. तू खापरची, दहावी झालेली, आणि बोली अशी की निम्मी आहिराणी आणि निम्मी गुजराती. मी तुला वर्षानुवर्षं "तुम्ही" म्हणत होते आणि मनातल्या मनात तुझं बोलणं सुधारत होते. मग मयुरी मोठी झाली आणि तिनं शाळेतून 'राखवन'चा पहिला भाग आणला. तिला अभ्यास होता म्हणून तो तू चुलीपुढं वाचलास, आणि भाकरी थापता थापता मला सांगितलास. एका रात्रीत जळून गेलेलं रान, त्याच्या काठाला एक गाव. रानातल्या राखेत जो जाईल तो वाट विसरेल. हरवलेलं वासरू शोधायला शेवंती नावाची पोर आत शिरते, आणि आत बघते तर अख्खं राज्य. आणि दगडी शिंगांचा भुऱ्या बैल, जो शेवंतीशिवाय कुणाला पाठीवर बसू देत नाही. तू सांगत होतीस आणि तव्यावर भाकर करपत होती. मी म्हटलं, "पुढं काय झालं, सांग ना!" तेव्हा पहिल्यांदा तुला "सांग" म्हटलं, "सांगा" नाही. तुझ्या लक्षात आलं होतं. तू फक्त करपलेली भाकर माझ्या ताटात टाकलीस.

मग भाग येत गेले. नवा भाग आला की आपलं ठरलेलं भांडण. मला पुस्तक हातात आल्या आल्या शेवटचं पान वाचायची सवय. तुला ते पाप वाटायचं. "कानामागून आली आणि तिखट झाली," म्हणायचीस, आणि पुस्तक ज्वारीच्या कोठीत लपवायचीस. सहावा भाग, शेवटचा, मयुरीनं नाशिकहून आणला तेव्हा तर तू सरळ सांगून टाकलंस की हे पुस्तक कुणी एकटीनं वाचायचं नाही. गल्लीत वाचायचं. वाळवणात.

तुझं डोकं! उन्हाळ्याचं वाळवण आपल्याकडं गल्लीनं करायचं असतं. आज हिच्या घरी बिबडे, उद्या तिच्या घरी कुरडया. पहाटे ज्वारीचा घाटा शिजतो, मग ऊन चढायच्या आत सगळ्याजणी बाजेवर ओलं धोतर पसरून पापडासारखे बिबडे थापायला बसतात. तू पुस्तक घेऊन बसायचीस मध्ये. पुस्तकात लिहिलेलं शाळेतल्या मराठीत, आणि तुझ्या तोंडातून यायचं ते आहिराणीत. डोळे ओळीवर आणि जीभ खापरला. द्वारकामाय, समोरच्या घरातली, सत्तरीची बाई, तिला अक्षर वाचता येत नाही. तिला वाटायचं शेवंती आहिराणीतच बोलते. मी एकदा टोमणा मारला, "वाचायचं निमित्त, थापायचा कंटाळा." तर द्वारकामाय माझ्यावरच डाफरली, "तिना वाटाना मी थापस. तू तुन्हं देख."

आणि मग तो दिवस, ज्या दिवशी भुऱ्या मेला.

अजून आठवलं की मला हसू आवरत नाही, आणि आता हसायला सोबत कुणी नाही. वाळवण आपल्याच अंगणात होतं. भुऱ्या राखेच्या नदीत उतरतो, शेवंतीला पलीकडच्या काठावर लावतो आणि मागच्या पायांनी खचतो. तू ते पान वाचलंस आणि तुझा आवाज बसला. द्वारकामायनं घाट्याचे हात तसेच कपाळाला लावले आणि अशी हंबरडा फोडून सुरू झाली की जसं घरातलं माणूस गेलंय. "ओ मन्हा भुऱ्या रे! पोरले आर्ध्या वाटमा टाकी गया रे!" एकीनं सूर धरला की बाकीच्या कशा थांबतील? आपल्याकडं रडण्यालाही चाल असते, ती एकदा लागली की लागते. भुऱ्याचे गुण काढून काढून सगळ्या रडल्या. तूही रडलीस. मी बी.ए. झालेली, मीही रडले.

नेमका तेव्हा दूधवाला गल्लीतून गेला. त्यानं ऐकलं, मान खाली घातली आणि पुढच्या गावी जाऊन सांगितलं की कोरीटला अमक्यांच्या अंगणात रडारड चाललीय. कुणीतरी माझ्या माहेरी फोन लावला. संध्याकाळी तापीपलीकडून जीप भरून माणसं आली, सांत्वनाला, दारावर बसायला. माझी भावजय उतरली ती थेट माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तिला वाटलं कोण गेलं ते मी सांगेन. मला वाटलं माहेरचंच कुणी गेलं आणि ती सांगायला आली आहे. दोघी एकमेकींना धरून ढसाढसा रडतोय, आणि कोण गेलं ते दोघींनाही माहीत नाही! शेवटी तू बाहेर आलीस, हातात पुस्तक, बोट पानात.

माझ्या काकांनी विचारलं, "कोन गयं वं बाई?"

"भुऱ्या," तू म्हणालीस.

"भुऱ्या कोन?"

"बैल व्हता."

काका शेतकरी माणूस. टोपी काढून ओट्यावर बसले. "बैल गया म्हणजे आपलं माणूसच गयं. बरं व्हयनं उनूत ते. घरना व्हता?"

"पुस्तकना व्हता," तू म्हणालीस.

मला वाटलं आता जमीन दुभंगेल तर बरं. काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "कसा गया?" आणि तू त्यांना ते पान वाचून दाखवलंस. जीपभर माणसं ऐकत बसली. मी आत उभी, चहाचं पातेलं हातात. दारावर आलेल्याला आपण चहा विचारत नाही. पण मेलं तर कुणीच नाही, मग विचारायचा की नाही? तुला आत येऊन विचारलं तर तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस आणि तुझे डोळे मात्र रडलेले होते. चहा केला. सगळ्यांनी घेतला. जाताना काका, दारावरून जाताना "येतो" म्हणत नाहीत म्हणून, काही न बोलता गेले.

आता पुढचं सांगते. हे तुला माहीत नाही.

तू गेलीस त्या सकाळी मी ओरडले. तू मेथी निवडत होतीस, "कसंतरी व्हई ऱ्हायनं वं," म्हणालीस आणि माझ्या खांद्यावर टेकलीस, आणि गाडी दारात येईतो सगळं झालं होतं. मी किती मोठ्यानं ओरडले असेन ते तुला सांगायला नको. समोर द्वारकामायनं ऐकलं आणि सुनेला म्हणाली, "नवं पुस्तक उनं वाटस. जाय, इचार, आते कोन मरनं." ती पोर पिठाचे हात घेऊन हसत आली. हसतच दारात उभी राहिली. आणि मग तिनं तुला पाहिलं.

ती बिचारी अजून माझ्या नजरेला नजर देत नाही. मी तिला सांगितलं की वाईट वाटून घेऊ नको. ताई असती तर हे ऐकून तिलाच सगळ्यात जास्त हसू आलं असतं. खरं ना? मला तर वाटतं, तुझ्या मरणाचं पहिलं दर्शन कुणीतरी हसऱ्या तोंडानं घेतलं, हे तुला आवडलं असतं. मला नाही आवडलं. मला त्या दिवशी काहीच आवडलं नाही.

पण मी आपल्या भांडणाबद्दल बोलत होते.

भुऱ्यानंतर चार दिवसांनी द्वारकामायच्या ओट्यावर शेवट झाला. राखवनाचं दार बाहेरच्या बाजूनंच लागतं, आणि तेही शेवंतीच्या आईच्याच हातानं. शेवंती आत उभी. ती आत राहिली तर जळलेलं रान पुन्हा हिरवं होणार, बाहेर आली तर राखच राहणार. इतक्या वर्षांनी मायलेकी समोरासमोर, मध्ये फक्त उंबरा. आई तिच्याकडं बघते, काही बोलत नाही, आणि दार ओढून घेते. संपलं. सहा भाग वाचले आणि शेवटी हाताला काय लागलं, तर बंद दार.

ओट्यावर जो गलका झाला! घाटा पातेल्यात घट्ट झाला, कुणाचं लक्ष नाही. द्वारकामाय म्हणाली, "म्हंजे आखाजीले बी येवाव नही का ती?" आखाजीच्या सणाला पोरगी माहेरी येणार नाही, ही गोष्टच तिच्या डोक्यात मावेना. तिची सून म्हणाली, "दार लावाना पहिले भाकर तं बांधी देती!" मी तर म्हटलं, ही कसली आई, ही वैरीण. तू पुस्तक मिटलंस, त्यावरचं पीठ झटकलंस आणि म्हणालीस, "माय शे म्हनीसन लायं तिनी दार."

तिथून सुरू झालं. विहिरीवर, चुलीपुढं, कापूस वेचताना, नंदुरबारच्या बाजारात भाव करता करता. तू म्हणायचीस, दार उघडं राहिलं असतं तर शेवंती जन्मभर उंबऱ्यात उभी राहिली असती, ना आत ना बाहेर. मी म्हणायचे, उंबऱ्यात का होईना, दिसली तरी असती. तू म्हणायचीस, दिसण्यासाठी पोरगी उंबऱ्यात उभी करायची? मी म्हणायचे, हो. तू म्हणायचीस, थांब वं, दूध उतू जाई.

एकट्या मलाच वाटत होतं असंही नाही. मयुरी सुट्टीत आली तेव्हा तिनं फोनवर दाखवलं, सगळ्या महाराष्ट्रात हेच पेटलं होतं. कुणी सहाच्या सहा भाग रद्दीत घातले होते. कुणी लेखिकेला सातवा भाग लिहून दार उघडायला सांगत होतं. एकानं तर स्वतःच शेवट लिहिला होता, त्यात शेवंती घरी येते आणि तिचं थाटात लग्न लागतं. त्यावर तू म्हणालीस, "लगीन लाई दिन्हं म्हंजे समदासना जीव थंडा." मग तू मयुरीला तुझं मत लिहायला लावलंस. तू सांगितलंस आणि तिनं शुद्ध मराठीत लिहिलं, की आईनं दार लावलं म्हणूनच शेवंतीला मागं वळून बघावं लागलं नाही. थोड्या वेळात खाली कुणीतरी उत्तर टाकलं, "तुम्हाला मुलगी नसेल."

मयुरीला राग आला. ती ते पुसून टाकायला निघाली होती. तू तिचा हात धरलास. "लिही दे," तू म्हणालीस. "शे. एकच शे."

ताई, मी तिथंच होते. तांदूळ निवडत होते. माझे हात थांबले आणि मला कळलं की आपण पुस्तकाबद्दल भांडत नव्हतो. मला कळलं आणि मी कळलं नाही असं दाखवलं, कारण कळलं असं कबूल केलं असतं तर मला हरावं लागलं असतं.

मयुरी नर्स झाली, नाशिकला रुग्णालयात लागली आणि जर्मन भाषेच्या वर्गाला जाऊ लागली तेव्हा गावात सगळे म्हणाले, शिकू द्या, शिकल्यानं काय होतं. मग कळलं की ते शिकणं तिकडं नोकरीला जाण्यासाठी आहे, तीन वर्षांचा करार आहे. द्वारकामायनं विचारलं, "जर्मनीमा आपलं कोन शे?" प्रश्न बरोबरच होता. आबा नेहमीसारखे "बघू" म्हणाले. तूही त्यांच्यासमोर "बघू" म्हणालीस. तुला जे म्हणायचं होतं ते तू सगळं शेवंतीच्या आईच्या तोंडून म्हणत होतीस, सकाळ-संध्याकाळ, माझ्याच कानाशी.

आणि मी काय करत होते? मी स्थळ आणत होते. ब्राह्मणपुरीचं, माझ्या चुलतभावाचा मुलगा, घरची शेती, शहाद्याला बँकेत नोकरी. पोरगा खरंच गुणी आहे. मुख्य म्हणजे तापी ओलांडली की पोरीचं घर, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत. माझं तरी काय चुकलं? मयुरीला मी कडेवर वागवलंय. तू शेतात जायचीस तेव्हा ती माझ्या पदराला धरून चालायला शिकली. माझा मुलगा चांगला आहे, पण तो घरात आला की विचारतो, जेवायला काय केलं. मयुरी आली की विचारते, काकी, तू जेवलीस का. अशी पोरगी सातासमुद्रापार पाठवायची? तू दिवाळीनंतर त्या मुलाचा फोटो नीट बघितलास, "पोऱ्या चांगला शे," म्हणालीस, फोटो माझ्या हातात परत दिलास आणि म्हणालीस, "शेवंतीले दाखाड."

मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. तू संध्याकाळी माझ्यासमोर कढी ठेवलीस, मी खाल्ली, आणि पुन्हा भांडायला लागलो. आपलं असंच होतं. जावा-जावांचं कुठं पटतं, असं लोक म्हणतात. आपलं नाही पटायचं, पण एकमेकींवाचून भाकर गिळायची नाही. तू होतीस म्हणून या घरात मला कधी परकं वाटलं नाही. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, काय मांगी ऱ्हायनी आज?

गंधमुक्तीच्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे पुरुष ओसरीवर बसले. तुझे भाऊ खापरहून आलेले, माझे काका, भाऊबंद, आणि मधोमध आबा, नवी टोपी घालून, जणू दुसऱ्याच कुणाचे कपडे घातलेत असे. आम्ही बायका आतल्या दाराशी. तुझे थोरले भाऊ पुढं सरकून म्हणाले, "आते एक गोठ बोली लेऊत. पोरनं वरीसना आंदर उरकी टाका. नही तं मंग तीन वरीस थांबनं पडी." सगळ्यांनी माना हलवल्या. रीतच आहे ती. घरात असं झालं की लग्न वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं नाही. माझे काका म्हणाले, स्थळ तर आपलंच आहे, ते लोक उद्याही तयार आहेत. आणि मग सगळे आतल्या दाराकडं बघायला लागले. माझ्याकडं.

तू गेल्यावर या घरातली मोठी बाई मी. पोरीच्या बाजूनं जे बोलायचं ते आता मी बोलायचं होतं. मला जे हवं होतं ते माझ्यासमोर ताटात वाढून ठेवलेलं होतं, फक्त "हो" म्हणायचं होतं. मयुरी माझ्या मागं उभी होती. तिनं माझ्या पदराचं टोक धरलं होतं, लहानपणी धरायची तसं.

तुला माहीत आहे, आबांसमोर, चार माणसांत, मी आजवर कधी बोलले नाही. जेठासमोर पदर आणि मान खाली. तू असताना मला बोलायची गरजच पडली नाही. त्या दिवशी मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि दाराबाहेर आले.

"दादा," मी तुझ्या भावाला म्हटलं, "तुम्हीच सांगं ना? वरीसना आंदर, नही तं तीन वरीस. मंग तीन वरीस."

त्यांना आधी कळलंच नाही. "तवपावत ते स्थळ थांबी का?"

"नही थांबी. मन्हा माहेरनं शे, मी सांगी दिसू. पोरना करार बी तीन वरीसना शे. ती जाई, काम करी, मंग देखूत. आपन रीत मोडी नही ऱ्हायनूत, दादा. पाळीच ऱ्हायनूत."

रीत तर त्यांनीच काढली होती, मी फक्त तिचा दुसरा भाग उचलला. माझे काका माझ्याकडं असे बघत होते की जसं माझ्या तोंडातून दुसरंच कुणी बोलतंय. आणि तेव्हा आबांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला काही विचारलं. मला विचारलं, "तिनी मायनी काय सांगेल व्हतं?"

ताई, तू काहीच सांगून गेली नाहीस. हे तुला कळतंय का? एवढं मोठं भांडण, एवढे महिने, आणि त्यात मयुरीचं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. माझ्याजवळ तुझं होतं काय, तर एका पुस्तकातल्या बाईबद्दलचं मत. ते मी आबांना कसं सांगू? की शेवंतीच्या आईनं दार लावलं ते बरोबर, असं तुमची बायको म्हणायची?

मी म्हटलं, "पोरले जाऊ द्या, म्हने."

आबांनी पानाचं तबक पुढं ओढलं. मग म्हणाले, "तिनी सांगं व्हई, तं मंग झायं." आणि तुझ्या भावाला म्हणाले, दादा, पान ल्या.

आता मला सांग, मी खोटं बोलले का? हे शब्द तू म्हणाली नव्हतीस. पण मला वाटतं तू दुसरं काही म्हणतच नव्हतीस. तुला मी इतकी वर्षं ओळखते, मी चुकले असेन असं मला वाटत नाही. तरी भाकर थापताना मध्येच हात थांबतो आणि वाटतं, एकदा विचारून घ्यायला हवं होतं. भांडण सोडून एकदा सरळ विचारायला हवं होतं, ताई, तुझ्या मनात मयुरी आहे ना? तू हो म्हणाली असतीस, आणि मी हरले असते, आणि काय बिघडलं असतं?

पण एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवते, नाहीतर तू तिकडं जिंकल्याच्या थाटात बसशील. मी तुझ्या बाजूनं बोलले याचा अर्थ मला तुझं पटलं असा नाही. शेवंती परत यायला हवी होती. त्या आईनं निदान एकदा तिला जवळ घ्यायला हवं होतं, एक भाकर बांधून द्यायला हवी होती, काहीतरी बोलायला हवं होतं. मुकाट्यानं दार लावणं मला जमत नाही. ते तुला जमलं असतं. मी बोलकी बाई आहे. मी दारात उभी राहून गल्ली गोळा होईपर्यंत रडेन.

मयुरी पौष संपला की जाणार. काल मोठी कढई राखेनं घासत होते तेव्हा ती येऊन शेजारी बसली. बराच वेळ राखेत बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "काकी, मी गयी तं तू रडशी का?"

"रडसू ना," मी म्हटलं. "पोट भरीसन रडसू. तू जाय."